वाळूवरचा मुक्काम

१

बगळा बुडाला हे खरं, आणि आपल्यामुळे बुडाला असं ताईने स्वतः सांगितलेलं. मग चौकशी कसली करायची? पण आमच्या वाटाड्यांच्या संघटनेचा नियम आहे. सफरीत माणूस दगावला की कुणीतरी जाऊन चार प्रश्न विचारायचेच. गुडघा गेल्यापासून मी होडीच्या कामाचा राहिलो नाही, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. लोक मला चौकशीवाला म्हणतात. मागून आणखीही काही म्हणत असतील.

नदीवरची ही मोठी सफर चालवायचं काम त्या घराण्याचं. म्हातारे तात्या, त्यांची मुलगी ताई, ऑफिस सांभाळणारा जावई, आणि खाण्यापिण्याचं सगळं बघणारी मावशी. मावशी नात्याची नव्हे, पण तिच्याशिवाय त्या घरात चहासुद्धा होत नसे. बगळा तिचा एकुलता एक मुलगा. लांब टांगांचा, सदान्कदा गुडघाभर पाण्यात उभा, म्हणून बगळा. तिशीला आला होता. ही सफर म्हणजे त्याची परीक्षा होती. सगळी आखणी त्याने करायची, ताईने प्रमुख म्हणून सोबत जायचं, पण धोका दिसल्याशिवाय मध्ये बोलायचं नाही. पास झाला असता तर त्याला प्रमुखाचा बिल्ला मिळाला असता.

ताईचा जबाब एवढाच होता. तिसरा मुक्काम मोठ्या उसळीच्या, म्हणजे खळाळत्या पाण्याच्या टप्प्याच्या, पलीकडे कातळावर ठरला होता. पाहुणे दमले, म्हणून तिने आपल्या मनाने अलीकडेच, खाली वाळूच्या पट्ट्यावर तंबू ठोकायला लावले. दिवेलागणीला धरणाचं पाणी आलं. पाहुणे वर पळाले, बगळा राहिला.

ठरलेली आखणी सोडून प्रमुखाने मुक्काम बदलला आणि माणूस गेला, तर बिल्ला कायमचा जातो. पुन्हा वल्ह्याला हात लावायचा नाही. ताई चालायला लागली तेव्हापासून होडीत आहे. तिला दुसरं काही येत नाही, आणि आलं तरी आवडणार नाही.

"सही करतोस ना काका?" ती म्हणाली. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. पुरात ओढली गेल्यावर दगडावर आपटली होती.

"नकाशा बघून करतो," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नकाशा बघायलाच नको होता.

२

त्या घरात आखणी कागदावर करत नाहीत. ऑफिसच्या भिंतीवर नदीचा भलामोठा नकाशा आहे, जुना, टाचण्यांनी चाळण झालेला. मुक्कामाच्या जागी टाचणी टोचायची आणि एका मुक्कामापासून पुढच्या मुक्कामापर्यंत सुती धागा न्यायचा. धागा नदीच्या प्रत्येक वळणावरून वळवायचा, म्हणजे किती वल्हवायचं ते डोळ्यांना दिसतं. नकाशाच्या माथ्यावर एका खिळ्याला तारखेची पाटी. निघायची तारीख तिच्यावर. बस्स.

ही पद्धत तात्यांची. "वाचता न येणाऱ्यालाही कळते," ते मला म्हणाले. खुर्चीत बसूनच बोलत होते. "आणि नदीला वार नसतो, तारीख नसते. धागा एकदा लावला की लावला."

"तात्या, या वेळचा धागा कुणी लावला?"

"लावला कुणीतरी," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी त्यांच्या हाताखाली होडी शिकलोय. हा माणूस प्रश्नाला बगल देताना मी कधी पाहिला नव्हता.

जावई मात्र बोलायला बसलाच होता. "मला विचाराल तर हा बिल्ला गेला तर बरंच," तो म्हणाला. "लग्न झाल्यापासून मी खिडकीत बसून बायकोची वाट बघतोय. लोकांच्या बायका माहेरी जातात, माझी नदीवर जाते. तिला काही झालं असतं तर? या वेळी थोडक्यात वाचली."

"ऑफिसची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. पण या घरात किल्ली म्हणजे शोभेची वस्तू. दार कोण लावतंय?"

मी नकाशापाशी गेलो. तिसरी टाचणी कातळावर होती, ताईने सांगितलं तशीच. मग मी धाग्यावरून बोट फिरवलं आणि थांबलो.

पहिल्या आणि दुसऱ्या मुक्कामापर्यंतचा धागा नदीच्या अंगाला चिकटून, वळणावळणाने आलेला. तिसऱ्या मुक्कामाचा धागा मात्र वळण सोडून सरळ ताणलेला, जमिनीवरून गेलेला. आणि तिथून पुढच्या मुक्कामाचा धागा सैल, लोंबता. कुणाचीही होडी शेतातून जात नाही. बगळ्याने धागा लावताना तिसरी टाचणी आणखी अलीकडे असणार. तिथे धागा वळणावरून नेऊन पुरला होता. नंतर कुणीतरी टाचणी पुढे सरकवली, तेव्हा अलीकडचा धागा कमी पडला आणि पलीकडचा उरला.

मी धागा टाचणीवरून सोडवून वळणावरून नेला. तो बरोबर वाळूच्या पट्ट्यावर येऊन संपला.

म्हणजे आखणीतच वाळू होती. ताईने काहीच बदललं नव्हतं. मग ती स्वतःचा बिल्ला का घालवत होती?

३

आधी टाचणी कुणी हलवली ते ठरवायचं होतं. जावयाला बायको घरी हवी, म्हणजे त्याला कारण होतं. तात्यांना घराण्याची अब्रू जपायची होती. आखणीच चुकीची निघाली असती तर त्यांच्या पद्धतीवर बोट ठेवलं गेलं असतं.

पण तात्या असोत, जावई असो, त्या घरात गाठ मारायला सगळ्यांनाच येते. नकाशावरच्या प्रत्येक टाचणीला धाग्याची नीट गाठ होती. फक्त कातळावरच्या टाचणीला गाठ नव्हती. धागा नुसता गुंडाळला होता, दोन वेढे देऊन. एका हाताने टाचणी टोचता येते, धागा गुंडाळताही येतो. गाठ मारता येत नाही.

त्या घरात एका हाताचं माणूस एकच होतं.

मी ताईला मागच्या अंगणात गाठलं. ती डाव्या हाताने लाइफजॅकेटं धूत होती, वेडीवाकडी. मी तिच्या हातातलं जॅकेट घेतलं आणि दोरीवर टाकलं.

"टाचणी तू हलवलीस," मी म्हणालो.

ती जराही दचकली नाही. बादलीच्या काठावर बसली.

"धागा ना?" ती म्हणाली. "मला वाटलंच होतं. पण गाठ सोडवतानाच जीव गेला, धागा बदलायचं काही जमलं नाही."

"वाळू बगळ्याने ठरवली होती."

"हो."

"आणि तू गेलीस त्याच्या मागे."

"वाळू कोरडी ठणठणीत होती काका. मोठी उसळी दमलेल्या पाहुण्यांना घेऊन संध्याकाळी ओलांडण्यापेक्षा सकाळी ताज्या दमाने ओलांडू, हे त्याचं म्हणणं मला पटलं. धोका दिसला नाही, म्हणून बोलले नाही." तिने झोळी सावरली. "धरणाचं त्याच्या लक्षात राहिलं नसेल. बाबांच्या धाग्यात सगळे मुक्काम उंचावर असायचे, त्यामुळे आम्हाला धरणाचा विचार करायची सवयच नाही. मला तरी कुठे सुचलं?"

"मग खरं का नाही सांगितलंस?"

"मावशीला काय सांगू? तुझा मुलगा आपल्याच चुकीने मेला म्हणून? तिचा मुलगा तर गेलाच. त्याचं नावही जाऊ दे का?" ताईचे डोळे भरले होते आणि तिने ते पुसले नाहीत. "माझा बिल्ला जाईल, जाऊ दे. मला तिच्या तोंडाकडे बघता आलं पाहिजे."

मला तिचा राग आला, आणि तिचं कौतुकही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं की माणूस चिडचिडा होतो. मी स्वयंपाकघराकडे वळलो. तिच्या त्यागाला एक भोक होतं, आणि ते तिला दिसलं नव्हतं.

४

भोक असं. सफरीचा शिधा मावशी भरते. दर दिवसाचं एक पिंप, वर त्या दिवसाचा रंग. नदीने नेलेली पिंपं नंतर खालच्या अंगाला सापडली होती आणि अंगणात ओळीने ठेवली होती. तिसऱ्या दिवसाचं पिंप मी उघडून पाहिलं होतं. पीठ, डाळ, कांदे, चहा. गॅसची बाटली नव्हती. बाकी प्रत्येक दिवसाच्या पिंपात होती.

कातळावर काटकीही मिळत नाही, तिथे गॅस लागतोच. वाळूवर मात्र वाहून आलेली लाकडं ढिगाने पडलेली असतात. मावशीसारखी बाई गॅस विसरत नाही. मुक्काम वाळूवर आहे हे निघायच्या आधीच तिला माहीत होतं.

ती भाजी चिरत बसली होती. मी समोरचं स्टूल ओढलं.

"मावशी, ताई खोटं बोलतेय हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

सुरी थांबली, पुन्हा चालू झाली.

"पिंप भरताना त्यानेच सांगितलं, आई, तिसऱ्या दिवशी गॅस नको, उगाच ओझं," ती म्हणाली. "ठाऊक होतं मला."

"आणि गप्प बसलात."

"बसले. ती म्हणाली माझी चूक, आणि लोक म्हणाले ताईची चूक. माझ्या पोराला कुणी नावं ठेवली नाहीत. मला तेवढं बरं वाटलं." तिने सुरी खाली ठेवली. "वाईट आहे ना मी? त्या पोरीला मी माझ्या हाताने भरवलंय, आणि तिचा गळा कापला जात होता तरी तोंड उघडलं नाही."

मी म्हणालो, "तुम्ही आई आहात." ती म्हणाली, "ती सबब झाली."

इथे चौकशी संपायला हवी होती. आखणी बगळ्याची, चूक बगळ्याची, ताईने पांघरूण घातलं, आईने ते ओढून घेतलं. सगळं जुळत होतं. पण मला एक गोष्ट सलत होती. बाकी सगळे मुक्काम उंचावर. एकच वाळूवर. विसराळू माणूस एकाच ठिकाणी कसा विसरतो?

मी सफरीतल्या पाहुण्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

५

"बगळा ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याने त्या दिवशी मला फार वैताग दिला. मी पाण्याजवळ छान तंबू लावला होता. तो आला आणि म्हणाला, सगळ्यांनी वर, चढाला लागून. माझा तंबू त्याने स्वतः उचलून नेला. आणि स्वतः मात्र अगदी काठाशी पथारी टाकून बसला. मला वाटलं, चांगली जागा स्वतःसाठी ठेवली."

"मग पाणी आलं."

"त्याच्या ओरडण्याने कळलं. तो ओरडला म्हणून आम्ही आहोत."

"सफर ठरल्या दिवशी निघाली होती?"

"छे हो. एक दिवस लॉजवर बसवून ठेवलं. ट्रक बिघडला म्हणे."

मी फोन ठेवला आणि धरणावरच्या ओळखीच्या माणसाला लावला. त्याने जे सांगितलं ते कुणीही सांगितलं असतं, विचारलं असतं तर. हे धरण आता आता झालेलं, कारखान्यांच्या विजेसाठी. साप्ताहिक सुट्टीला कारखाने बंद, म्हणून दरवाजेही बंद, नदी ओसरते, वाळू उघडी पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी दरवाजे उघडतात आणि ते पाणी त्या वळणापर्यंत पोचायला संध्याकाळ होते.

"हे मला आत्ता का विचारतोयस?" तो म्हणाला. "त्या लांब टांगांच्या पोरालाही मी हेच सांगितलं होतं. चांगला दिवसभर बसला होता इथे."

मग मी जावयाला गाठलं आणि एकच विचारलं. ट्रक बिघडला तेव्हा तारखेची पाटी कुणी बदलली?

"पाटीला तात्यांशिवाय कुणी हात लावत नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी तर आवाजही चढला होता. बगळा ऑफिसात होता. मला फक्त तात्यांचं ऐकू आलं. नदीला वार नसतो, असं म्हणाले."

तेच वाक्य त्यांनी मलाही ऐकवलं होतं. तेव्हा मी ते म्हातारपणाची बडबड म्हणून सोडून दिलं होतं.

६

मी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. तात्या खुर्चीत, जावई दाराशी, ताई भिंतीला टेकून. मावशी शेवटी आली, पदराला हात पुसत. मी तोंड उघडायच्या आतच ती ताईसमोर उभी राहिली.

"माझ्या पोराची चूक मला परत दे," ती म्हणाली. "त्याचं म्हणून माझ्याकडे फार काही उरलेलं नाही. तू कशाला घेतेस?"

ताईने खाली बघितलं. तिला सुटल्यासारखं वाटलं असेल, पण चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

"मावशी, बसा," मी म्हणालो. "परत घ्यायला चूक असायला हवी. त्याने आखणी केली तेव्हा ती बरोबर होती."

मग मी सांगितलं. बगळ्याने धरणावर जाऊन वार समजून घेतला होता. तिसरा मुक्काम बरोबर सुट्टीच्या दिवशी यावा असा त्याने धागा लावला होता. त्या एका दिवशी वाळू सुरक्षित होती, म्हणून तो एकच मुक्काम वाळूवर. या नकाशावर धरणाचा विचार करून लावलेला तो पहिला धागा होता. मग ट्रक बिघडला, सफर एक दिवस पुढे गेली. पाटी बदलली, धागा तोच राहिला. धरण नव्हतं तेव्हा या पद्धतीत काही बिघडत नव्हतं. नदीला एक दिवस इकडे काय, तिकडे काय. पण आता वाळूवरचा मुक्काम सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी आला. दुपारी पोचलात तेव्हा वाळू आदल्या दिवसामुळे कोरडी होती. ताईला धोका दिसला नाही, कारण दिसण्यासारखा नव्हता.

"मग तो का थांबला तिथे?" जावई म्हणाला. "त्याला तर माहीत होतं."

"माहीत होतं म्हणून तर सगळ्यांचे तंबू चढाला लावले, आणि स्वतः काठाशी राखणीला बसला. ताईला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, ही त्याची चूक, आणि ती मी लिहिणार आहे. पण का नाही सांगितलं? ज्याच्या हातात बिल्ला देणं होतं, त्याचा शब्द मोडायचा नव्हता म्हणून. त्याने इथे, या नकाशासमोर, धागा पुन्हा लावू द्या म्हणून विचारलं होतं. तात्या, बरोबर?"

ताईने मान वर केली. बापाकडे बघताना तिच्या तोंडचा रंग उडाला. इतके दिवस ती एका चुकीला झाकत होती, आणि झाकलं गेलं होतं भलतंच.

तात्या हो म्हणाले नसते तर मी काहीही सिद्ध करू शकलो नसतो. दाराआडून ऐकलेलं एक वाक्य, तेही जावयाने. पण ते खुर्चीतून उठले. त्यांना उठायला वेळ लागला, आणि कुणी हात दिला नाही.

"विचारलं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, काल पाण्यात उतरलेलं पोर मला नदी शिकवतंय. नाही म्हणालो. पोरगी आल्यावर म्हणाली माझी चूक, आणि मला कळत होतं की ती खोटं बोलतेय. तरी बोललो नाही. रोज सकाळी ठरवत होतो, आज बोलू." त्यांनी सदऱ्यावरचा बिल्ला काढला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "हा ने. तिचा राहू दे."

"बाबा," ताई म्हणाली. जावई तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

मी बिल्ला उचलून खिशात घातला. ज्या माणसाने मला वल्हं धरायला शिकवलं त्याचा बिल्ला. मला वाईट वाटलं, आणि तरी परत दिला नाही. ताईचा तिच्याकडेच राहिला. आखणी तिने सोडली नव्हती. खोट्या जबाबाबद्दल संघटना तिला एक मोसम काठावर बसवेल, आणि बसवावंच.

मावशी अजून बसली नव्हती. ती तात्यांसमोर गेली. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल, आयुष्यभर साठवलेलं.

"तात्या, त्याने किती वेळा विचारलं?"

तात्यांना प्रश्न कळायला क्षणभर लागला. "दोनदा. एकदा नाही म्हणालो, तर दाराशी जाऊन परत आला. पुन्हा विचारलं."

"परत आला?"

"हो."

मावशीने मान हलवली. "लहानपणी एकदा नाही म्हटलं की गप्प बसायचा," ती म्हणाली. "मला वाटलं, तसाच गेला."

मग ती खाली बसली आणि रडली. बगळा गेल्यापासून पहिल्यांदा, असं ताईने मला नंतर सांगितलं.